मध्यंतराचे मर्म



खेळावर बोलणारा चढाईवर बोलतो, पकडीवर बोलतो, गोलावर बोलतो. मी मात्र आज, ज्या वेळात कोणीच खेळत नाही, त्या वेळेविषयी बोलणार आहे. मध्यंतर म्हणजे दम खाण्याची सवड, असे आपण धरून चालतो. माझ्या मते दम खाणे हा त्याचा एक लाभ झाला. त्याचे मर्म न्यायात आहे.

मैदान दोन्ही पक्षांना सारखे कधीच नसते. एका अंगाला उतार असतो, एकाच्या तोंडावर वारा, एकाच्या डोळ्यांवर ऊन. १८६३ साली इंग्लंडात फुटबॉल असोसिएशनने नियम केले, तेव्हा दर गोलानंतर बाजू बदलावी असे ठरले होते. पुढे ही अदलाबदल मध्यंतरावर आली. वाईट बाजू दोघांनीही भोगावी, हा तिचा अर्थ. १९३० साली मॉन्टेव्हिडिओत विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला तर चेंडू कोणाचा, यावरूनच तंटा झाला. तोड निघाली ती मध्यंतराच्या आधारानेच : पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने, उत्तरार्ध उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होती. सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला.

आता आपल्या कबड्डीकडे या. पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये पाच मिनिटे. मग अंगणे बदलतात. पण मेलेला गडी मात्र उठत नाही! पूर्वार्धाच्या अखेरीस जितके गडी जिवंत, तितक्यांनीच पुढे खेळायचे.

शाळेत असताना एका सामन्यात मध्यंतराला आमचे तिघेच उरले होते. आम्ही पाचही मिनिटे पंचांना नावे ठेवण्यात घालविली. सामना गेला. मागाहून कळले की, समोरचा डावा कोपरा उत्तरार्धभर दुखऱ्या पायाने उभा होता. तो लंगडत पाणी प्यायला गेला, तो आमच्या डोळ्यांसमोरून. पण आम्ही पाहिलेच नाही. पंच चुकले होते की नाही, हे आज मला आठवत नाही. ती पाच मिनिटे मात्र आठवतात.

मध्यंतर मागचे पुसत नाही. गेलेला गडी उठवायचा तो आपल्याच पराक्रमाने. ते फक्त बाजू बदलून देते आणि पाच मिनिटे डोळे उघडे ठेवण्याची संधी देते. हरत असलेल्याने याहून अधिक मागू नये. आणि जिंकत असलेल्याने हे विसरू नये की, आता उन्हाकडे तोंड करण्याची पाळी त्याची आहे.