सर्पदंश : वेळ हेच औषध

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सर्पमित्रही नाही. बँकेच्या नोकरीत काही वर्षं कोकणात होतो, तेव्हापासून या विषयाचं वाचन करत आलो. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळं रान आहे आणि पावसाळ्यात साप दिसतोच, म्हणून आज हे बोलतो.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, कष्टकरी.

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करतं. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. जखम सुजते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.

यात मण्यार फार फसवी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखू लागलं की घरचे म्हणतात, अपचन झालं! तेवढ्यात मोलाचा वेळ जातो.

साप चावला तर काय करायचं? माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं रुग्णालय गाठा. घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, विष चोखणं, हे काही करायचं नाही. सापाच्या मागेही धावू नका. प्रतिसर्पविषाचं एकच इंजेक्शन या चारही सापांवर चालतं.

कुणी म्हणेल, मांत्रिकाकडे माणसं बरी होतात. होतात ना! बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. जमा मात्र मांत्रिकाच्या खात्यावर होते.

आता एक विनंती. आपण वरच्या मजल्यांवर पलंगावर झोपतो. आपले वॉचमनकाका केबिनमध्ये सतरंजी टाकून जमिनीवर झोपतात. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून त्यांना एक खाट, मच्छरदाणी आणि चांगली बॅटरी घेऊन द्यावी. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर साप आत येत नाही. मागचा भंगाराचा ढीगही हलवूया. तिथे उंदीर आहेत, आणि उंदरांमागे साप येतो.

समितीने हे पावसाळ्याआधी करावं. खाटेचे पैसे मी आजच खजिनदारांकडे देतो.