हसं कुणाचं?
(रिचर्ड प्रायरवर केलेलं भाषण)



१९७२ साली मुंबईत आपण ‘पँथर’ हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. त्यांच्या बंदुका, त्यांची काळी जाकिटं आपल्याला पाठ आहेत. त्यांचं हसणं मात्र आपण कधी ऐकलं नाही. विनोद म्हणजे पांढरपेशांची जेवणानंतरची सुपारी, असा आपला समज. म्हणून आज एका विनोदी नटावर बोलतो. रिचर्ड प्रायर. जन्म १९४०, पिओरिया, इलिनॉय. मृत्यू २००५.

आजी कुंटणखाना चालवायची, आई त्याच घरात धंदा करायची. चौदाव्या वर्षी शाळेनं हाकलला. कामाठीपुरा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे फोड करून सांगायला नको. पुढं तो पलटणीत गेला. जर्मनीतल्या तळावर ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ हा सिनेमा दाखवला. काळ्या आईची उजळ पोरगी गोरी म्हणून खपू बघते, ती कथा. जिथं काळ्यांच्या काळजाला चरा पडतो नेमका तिथं एक गोरा शिपाई खदाखदा हसला. प्रायरनं आणि इतर काळ्या शिपायांनी त्याला बडवला, भोसकला. प्रायर लष्करी तुरुंगात. कोण कुठल्या जागी हसतो, हा प्रश्न ह्या माणसाला असा विशीच्या आत भेटला.

१९६३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. तेव्हा बिल कॉस्बीचं नाणं चालत होतं. गोऱ्यांना कुठंही न टोचणारा, स्वच्छ, इस्त्रीचा विनोद. प्रायरनं तोच गिरवला. टीव्हीवर दिसला, पैसा आला. १९६७ मध्ये लास वेगासच्या अलादीन हॉटेलात तो स्टेजवर आला, भरलेल्या सभागृहाकडं बघितलं, मी इथं काय करतोय असं म्हणाला आणि चक्क निघून गेला. पुढं १९७१ च्या सुमारास तो बर्कलेत राहिला. ओकलंड शेजारीच. माल्कम एक्स वाचला. आणि परत आला तो पिओरियाची गल्ली तोंडात घेऊन. दारुडे, गर्दुल्ले, भडवे, मिसिसिपीचा गप्पिष्ट म्हातारा मडबोन, सगळे त्याच्या अंगात यायचे.

त्याची रीत बघा. लिहिलेलं पाठ करायचं नाही. लॉस एंजेलिसच्या ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये रात्रीमागून रात्र उभं राहायचं, हाताशी जवळजवळ काही नाही, लोक जिथं पेटतील तिथून पुढं सरकायचं. आपल्या वगातला सोंगाड्या हेच करतो, कथा ठरलेली आणि बोलणं हजरजबाबी. १९७८ मध्ये लाँग बीचला चित्रित झालेला त्याचा कार्यक्रम असाच तयार झालेला. त्यात त्याला आलेला हार्टअ‍ॅटॅक तो करून दाखवतो. काळीज फौजदारासारखं दरडावतंय, हा जमिनीवर लोळत गयावया करतोय. दोन्ही तोच. १९७४ च्या एका सोंगात पोलिसानं गाडी अडवलेला काळा माणूस मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगतो की मी आता लायसन काढायला खिशात हात घालतोय. का? चुकून गोळी सुटू नये म्हणून. काळे हसून लोळायचे, कारण ते रोजचं होतं. गोरे जरा उशिरानं हसायचे.

हजरजबाबीपणा म्हणजे नुसती चमक नव्हे, त्यानं संहिता उलटी होते. ‘सिल्व्हर स्ट्रीक’ (१९७६) मध्ये जीन वाइल्डर संडासात तोंडाला बूटपॉलिश फासून काळा बनतो. लिहिलेलं असं होतं की एक गोरा आत येतो आणि फसतो. प्रायर अडून बसला. आत काळा माणूस येऊ दे म्हणाला, आणि तो फसणार नाही. तसंच झालं. हसं काळ्याचं व्हायचं होतं, ते गोऱ्याचं झालं.

मालकांना हे परवडत नाही. ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) लिहिण्यात त्याचा हात होता, पण नायक म्हणून स्टुडिओनं त्याला घेतलं नाही. १९७७ मधला त्याचा टीव्ही कार्यक्रम चार भागांत आटोपला. आणि १९८२ मध्ये ‘द टॉय’. गोरा धनदांडगा आपल्या पोराला खेळणं म्हणून काळा माणूस आणून देतो! ते खेळणं प्रायर. पुढच्या वर्षी ‘सुपरमॅन ३’, चाळीस लाख डॉलर. पैसा मोठा, पण गल्ली गेली. कोकेननं त्याला १९८० मध्ये अक्षरशः पेटवला होता. घरातल्या बायांवर तो हात टाकायचा, हेही लपवू नका. आपला माणूस म्हणून ते माफ होत नाही.

आता शिवीचं. ‘निगर’ हा गोऱ्यांनी काळ्यांच्या थोबाडावर मारलेला शब्द त्यानं उचलून स्वतःच्या रेकॉर्डच्या नावात घातला. ‘दॅट निगर्स क्रेझी’, १९७४. ग्रॅमी मिळालं. आपल्या कवितेत शिव्या आल्या तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्या जातीचे लोक तिथंही होते. पण १९७९ मध्ये प्रायर केनियाला गेला. हॉटेलात बसून बघत राहिला. फौजदार काळा, साहेब काळा, झाडूवाला काळा. त्यांच्यात त्याला एकही ‘निगर’ दिसेना. त्यानं शब्द टाकला, आणि १९८२ च्या सिनेमात स्टेजवरून तसं सांगितलं.

मला वाटतं, उचलला तेव्हाही तो बरोबर होता, टाकला तेव्हाही. काही साथींना हे पटणार नाही, मघापासून चुळबूळ चालली आहे. तर आपल्या पोरांनी आपापसांत आपल्याच जातीची शिवी हसत वापरावी की नाही, ह्यावर आता तुम्ही बोला. मी बसतो.

जय भीम.