सक्तीचे काय, ऐच्छिक काय?

(पोफळी, ता. चिपळूण येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, "कुठल्या कॉलेजात घालायची?" तिथे कुठले विषय घ्यावेच लागतील, कुठले सोडता येतील, हे फारसे कोणी विचारत नाही. मुलगी असेल तर परतीची शेवटची एस.टी. कितीला, हे मात्र आपण नक्की विचारतो. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

महर्षी कर्वे आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे. परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिले नाही. एका अटीने दार कसे बंद होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले. उच्च शिक्षण मातृभाषेतून! त्या काळी ही केवढी गोष्ट. पण अभ्यासक्रमात गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र सक्तीचे झाले आणि गणित ऐच्छिक. आणि कर्वे स्वतः? 1891 ते 1914 फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे प्राध्यापक!

मी त्यांना दोष द्यायला उभी नाही. "शिकली तरी घर सांभाळेल" हा दिलासा मिळाल्याशिवाय तेव्हा किती बापांनी मुली पाठवल्या असत्या? पण सोय म्हणून दिलेली सवलत हळूहळू मुलींचा स्वभावच मानली गेली. "मुलींना गणित जमत नाही" हे आपणही लेकींना किती सहज ऐकवतो!

ही गाठ सोडवायला बायाच पुढे आल्या. त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली 1962 मध्ये समिती नेमली गेली. मुलगा-मुलगी असा भेद अभ्यासक्रमात नको, असे तिने सांगितले. मग कोठारी आयोगाने (1964-66) दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. 1974 मध्ये नीरा देसाईंनी त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन सुरू केले. बाईचे कष्ट, बाईची मजुरी हाही अभ्यासाचा विषय झाला. मला विचाराल तर तो सक्तीचा हवा, मुलांनासुद्धा.

आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे असे बरेच प्रकार आले आहेत. कागदावर निवड भरपूर. पण गावाकडच्या कॉलेजात शिक्षक ज्या विषयाला आहे तोच विषय 'निवडायचा', आणि तासही एस.टी.च्या वेळेत बसणारा. त्याला निवड म्हणायचे का?

इथे आपल्या पायाखाली, डोंगराच्या पोटात, कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. ते यंत्र चालवणाऱ्यांत आपल्या किती मुली आहेत, मोजा. अकरावीला गणित सोडलेल्या मुलीला अभियांत्रिकीची, संख्याशास्त्राची पदवी जवळजवळ दुरावतेच. सोळाव्या वर्षी, बहुधा दुसऱ्याच कोणीतरी, ते ठरवून टाकलेले असते.

म्हणून अर्ज भरताना आईने शेजारी बसावे. आपल्याला वाचता येत नसेल तर मुलीने मोठ्याने वाचून दाखवावे. कुठला विषय का घेतला, का सोडला, आणि सोडल्यावर पुढे काय बंद होते, हे कॉलेजातच विचारावे. विचारताना लाजू नये.

यंदा ज्यांचा अर्ज भरायचा आहे त्या मुलींनी चहानंतर थांबा. विषयांची यादी घेऊन आपण बसू.