सही करण्याआधीचा तास



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातल्या संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्याबद्दल आताच्या मुलांना माझ्याहून जास्त माहिती आहे, म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज मी कायद्याबद्दल बोलणार आहे. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. पण गेली तीन वर्षं आमच्या भागातल्या एका वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी अकरावी-बारावीच्या आणि आयटीआयच्या मुलांना व्यवसायाच्या कायद्याची तोंडओळख करून देते. वकिली करणारी एक मैत्रीण सोबत असते. कलमांची जबाबदारी तिची, मुलांना बोलतं करण्याची माझी.

हे सुरू झालं ते ऑफिसातल्या नव्या मुलांमुळे. हुशार मुलं, पण नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर थेट सही. “वाचलंस का रे?” विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मॅडम, सगळेच करतात.” नागरिकशास्त्र हा आपल्यासाठी परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विषय होता. त्यात संसद होती, ग्रामपंचायत होती. पण करार, जामीन, चेक या गोष्टी कुठेच नव्हत्या. आणि आयुष्यात आपण संसदेत गेलो नाही, सह्या मात्र शेकड्यांनी केल्या.

आम्ही व्याख्येपासून सुरुवात करत नाही, गोष्ट सांगतो. १९१३ सालचा अलाहाबाद उच्च न्यायालयातला खटला. गौरीदत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी मुनीम लालमन शुक्ल यांना त्याला शोधायला हरिद्वारकडे पाठवलं. मागाहून गौरीदत्तांनी पत्रकं काढली, मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस. लालमनने मुलगा शोधला, पण शोधला तेव्हा त्याला बक्षिसाची गोष्ट ठाऊकच नव्हती. नंतर कळल्यावर त्याने पैसे मागितले. मिळाले का?

इथे वर्गाचे दोन तट पडतात. “शोधला तर त्यानेच ना!” असं एक बाजू म्हणते. दुसऱ्या बाजूचं कोणीतरी उठून म्हणतं, “पण त्याला माहीतच नव्हतं, तर त्याने ‘हो’ कशाला म्हटलं?” न्यायालयाचा निकालही तोच होता. प्रस्ताव ठाऊक नसेल तर त्याचा स्वीकार होत नाही. इतकं झालं, की १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १० फळ्यावर लिहायचं. खुली संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश. तोवर मुलांना ते अर्धं आधीच सुचलेलं असतं.

पात्रतेसाठी १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल सांगतो, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष. अज्ञान मुलाने सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवली. अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, असं ठरलं. हे ऐकून सतरा वर्षांच्या पोरांचे डोळे चमकतात. “म्हणजे आम्ही उधारी करायची आणि द्यायची नाही?” मग मैत्रीण कलम ६८ काढते. अज्ञानाला पुरवलेल्या जीवनावश्यक गोष्टींचे पैसे त्याच्या मालमत्तेतून वसूल करता येतात. हशा पिकतो. पण अठराव्या वाढदिवसापासून आपल्या सहीला वजन येतं, हे त्या दिवशी नीट कळतं. केक कापताना ते कोणी सांगत नाही.

यानंतर घरचा अभ्यास : घरात कोण कोणाला जामीन राहिलंय, विचारून या. एक मुलगा पुढच्या शनिवारी गप्प बसून होता. वर्ग सुटल्यावर म्हणाला, “बाबा दोन वर्षं चुलत्यांचे हप्ते भरतायत. त्यांना वाटलं होतं, जामीन म्हणजे नुसती ओळख द्यायची.” कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. तसंच चेकचं. पैसे नसताना देण्यापोटी दिलेला चेक परत गेला, रीतसर नोटीस आली आणि पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘तारण म्हणून’ कोरा चेक देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

सगळ्यात अवघड प्रश्न एका मुलीने विचारला. विषय नोकरीच्या बाँडचा होता. नोकरी सोडल्यावर कुठेच काम करायचं नाही, अशी अट कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. पण प्रत्येक बाँड खोटा नसतो. एका सरकारी बँकेचा, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याचा बाँड २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. हे सगळं ऐकून ती म्हणाली, “ताई, अट जाचक आहे हे कळलं. पण घरी पगार हवाच असेल, तर सही करायचीच ना?”

खरं सांगते, कायदा शिकवल्याने तिच्या हाती दुसरी नोकरी येत नाही. मी तिला तेच सांगितलं. पण तीन प्रश्न विचारता येतात : किती काळ, किती रक्कम, कशाच्या बदल्यात? मूळ प्रमाणपत्रं द्यायची नाहीत, कोऱ्या रकान्याखाली सही करायची नाही, प्रत मागायची. तिने सही केली. आधी रकमेचा कोरा रकाना भरून घेतला आणि प्रत घेऊनच घरी आली. मालकाने जरा निराळ्या नजरेने पाहिलं, एवढंच.

माझ्या धंद्याबद्दलही एक सांगते. मोबाइलवर आपण जे ‘मान्य आहे’ दाबतो, ते पडदे माझ्यासारखीच माणसं बनवतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ प्रमाणे, करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’विरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागायची सोयही आहे. मुलांना दोन्ही माहीत हवं.

आता मागणं. आपल्या शाळेत नववी-दहावीला वर्षातून आठ तास यासाठी मिळावेत, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. शिकवायला माणसं इथेच बसली आहेत. कोणी बँकेत आहे, कोणी दुकान चालवतं, कोणाचा शेतमालाचा व्यवहार आहे, दोघे-तिघे वकील आहेत. प्रत्येकाने एक तास घ्यायचा आणि रोजच्या वापरातला एक कागद आणायचा, नावं झाकून. भाडेकरार, पावती, कर्जाचा अर्ज, काहीही चालेल.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. तयार असाल त्यांनी नाव आणि सोयीचा महिना लिहावा. आणि हो, सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा.