शहाणे कोण?
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पापड लाटून दाखवा म्हटले असते, तर आनंदाने आले असते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातून विषय काय, तर माणसाची बुद्धी आणि जनावरांची बुद्धी! घरी हे कळल्यावर धाकटे भावोजी म्हणाले, “वहिनी, तुम्हाला दोन्हींकडची माहिती आहे.” मी हसून सोडून दिले, पण मनाशी ठरवले की आता बोलायचेच. मंडळाच्या वाचनालयातली पुस्तके आणि कॉलेजात जाणारा माझा मुलगा यांच्या मदतीने जे गोळा झाले, ते आपल्यापुढे ठेवते.

आपण मुलांना दिवसातून किती वेळा जनावरांची नावे देतो! अभ्यास केला नाही की गाढव, सांगितलेले समजले नाही की बैलोबा. म्हणजे बुद्धी काय ती आपलीच, असे आपण धरूनच चालतो.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच मुलांना सांगितली आहे. ती इसापाची कल्पना असेच मी समजत होते. परंतु 2009 साली इंग्लंडात केंब्रिज येथे दोन संशोधकांनी कावळ्याच्याच जातीच्या चार पाखरांपुढे एक उभी नळी ठेवली. तळाशी थोडे पाणी, त्यावर तरंगणारी अळी, आणि शेजारी खडे. चोच तर पोचेना. पाखरांनी एकेक खडा आत टाकून पाणी वर आणले आणि अळी मटकावली! लहानमोठे खडे ठेवले तर ती मोठे उचलू लागली. एका नळीत पाणी व दुसरीत लाकडाचा भुसा ठेवला, तेव्हा थोड्या अनुभवाने भुशाची नळी सोडून पाण्याच्याच नळीत खडे टाकू लागली. (ज्याने पिंडाला शिवावे म्हणून आपण हात जोडतो, त्यालाच दुसऱ्या दिवशी खिडकीतून शुक् शुक् करतो. असो.)

जपानात इनुयामा येथे आयुमू नावाचा एक चिंपांझी आहे. त्याच्यापुढच्या पडद्यावर पाच आकडे क्षणभर दाखवत, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकेच, आणि लगेच त्यांच्या जागी पांढरे चौकोन येत. कोठे कोणता आकडा होता हे आठवून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने बोट लावायचे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयुमूचे शंभरातले सुमारे ऐंशी बरोबर आले. त्याच वेगाला विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे चाळीसच्या आसपास! पुढे 2009 साली दोन माणसांनी भरपूर सराव केला आणि ती आयुमूच्या बरोबरीला आली. हे मला फार महत्त्वाचे वाटले. ज्याला सराव मिळाला आणि ज्याला मिळाला नाही, अशा दोघांना शेजारी उभे करून एकाला हुशार नि दुसऱ्याला ढ ठरवण्यात काय न्याय?

आणखी एक गंमत सांगते. एका पेटीत खाऊ ठेवून तो काठीने कसा काढायचा हे तीनचार वर्षांच्या मुलांना व चिंपांझींना दाखवले. दाखवताना मुद्दाम वरच्या भोकात उगीचच काठी खुपसायची. पेटी आरपार दिसणारी असली, की ती खुपसण्याची काही गरज नाही हे स्पष्ट दिसे. चिंपांझींनी तेवढे गाळले आणि सरळ खाऊ घेतला. मुलांनी मात्र दाखवले तसेच सगळे केले. हा प्रयोग 2005 सालचा. मी मुलाला म्हटले, “म्हणजे माकड शहाणे?” पण मागून स्वयंपाकघरात काकडीचे टोक कापले, नेहमीप्रमाणे गोल गोल घासून फेस काढला, आणि हात थांबला. सासूबाईंनी शिकवले म्हणून वीस वर्षे घासते आहे. का, ते एकदाही विचारले नाही. पण तसे न विचारता घेतले म्हणूनच लोणची, पापड, मसाले शिकले हेही खरे. प्रत्येक गोष्टीचे कारण मागत बसले असते, तर अजून वरणच शिकत असते.

आता ज्याच्यासाठी मी आज उभी राहिले ते सांगते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत बर्लिन येथे फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला गणित शिकवले. बेरीज विचारली की हान्स तितक्या वेळा खूर आपटी. बघायला गर्दी लोटे, आणि ओस्टेन पैसेही घेत नसत. 1904 साली जाणत्या मंडळींनी तपासले. लबाडी सापडली नाही. मग फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने बारकाईने पाहिले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, तर हान्स चुके. विचारणारा दिसेनासा केला, तरी चुके. प्रश्न विचारणारा माणूस नकळत किंचित पुढे वाके, आणि खुराचे ठोके बरोबर आकड्यावर आले की त्याचे डोके जरासे वर होई. तेवढे पाहून हान्स थांबे. घोड्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता!

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी धाकटी चौथीत आहे. पाढे मी घेते. घरी तिला सगळे येई आणि शाळेत शून्य. बाईंनी वहीत लिहून पाठवले, ‘घरी अभ्यास घेतला जात नाही.’ मला तो माझ्या सातवीवरचा टोमणा वाटला. शाळेत नीट लक्ष देत नाहीस म्हणून मी मुलीला मारले. एकदा नाही, दोनदा. गाढव म्हटले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि तिचे डोळे पाहिले. “सात आठे?” म्हटले. “बावन्न,” म्हणून तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. “चोपन्न...” पुन्हा पाहिले. “छप्पन्न!” आणि थांबली. माझ्या कपाळावरची आठी केव्हा गेली ते मला कळले नाही, तिला कळले. मग मी भिंतीकडे तोंड करून तेच विचारले. ती गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आई, तू इकडे बघ ना.”

तेव्हापासून आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसतो. शेजारी चिंचोक्यांची वाटी असते. सातसातचे ढीग करून ती मोजते, चुकते, पुन्हा मोजते. पाचापर्यंतचे पाढे आता पक्के आहेत. सातचा अजून मध्येच अडतो. अडला की तिची पाठ ताठ होते, ते मला लुगड्यातूनही जाणवते. मी वळून पाहत नाही. परवा तीच पाठीमागून म्हणाली, “आई, तूसुद्धा हलू नकोस, मला कळतं.”