रायफल कोणती, त्याआधी चार हिशेब
(मुकुंदवाडी येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं, कपाशीला बोंडं लागली की रोही. जागल करून माणूस थकला. मग गावोगाव आपल्याला विचारतात, "रायफल घ्यायची तर कोणती? .३१५ की .३०-०६?" आज आपण याचा हिशेब मांडू.

पहिला हिशेब कायद्याचा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. पीक राखायला कायदा शेतकऱ्याला काय देतो? ठासणीची बंदूक! ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे बारा बोर. रायफल यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. कन्नडकडे गौताळा, पैठणकडे जायकवाडी. जिथं जनावराचा त्रास जास्त, तिथंच परवाना अवघड.

दुसरा हिशेब हत्याराचा. दोन्ही बोल्टच्या रायफली. दांडा मागे ओढून पुढे ढकलला की नवी गोळी नळीत जाते. .३१५ ही इशापूरच्या सरकारी कारखान्याची. लष्कराच्या मापाची गोळी लोकांच्या हाती नको, म्हणून इंग्रजांच्या काळात हे वेगळं माप रूढ झालं. तिची गोळी जड, वेग बेताचा. .३०-०६ ची गोळी वेगवान, लांबवर सरळ जाणारी. पण लांब पल्ला हा आपल्या रानात गुण नाही, धोका आहे. नेम चुकला तर दोन्हींची गोळी दोन किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. ज्वारीची ताटं तिला अडवत नाहीत. रात्रीची लाईट आली की पलीकडच्या शिवारात कुणी तरी दारं धरत असतो. डुक्कर येतं तीस-चाळीस पावलांवर. तिथं बारा बोर आणि जाड छऱ्यांचं काडतूस पुरतं. तेही माळ्यावरून, नळी जमिनीकडे ठेवून. म्हणून आपलं उत्तर साफ आहे: पिकासाठी रायफल नको.

तिसरा हिशेब तुरुंगाचा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत. अंधारात रोही समजून काळवीट पडलं, तर किमान तीन वर्षांची कैद.

चौथा हिशेब पैशाचा. एक बंदूक एकच रान राखते. कळप बांध ओलांडून शेजाऱ्याच्या कपाशीत जातो. आपलं दुखणं शेजाऱ्याला दिलं, एवढंच.

मग करायचं काय? २०१५ साली केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केले. म्हणजे कायद्यात वाट आहे. ती मागणाऱ्याला मिळते. गावागावात नुकसानीची वही ठेवा. तारीख, गट नंबर, पीक, किती गुंठे गेलं, सगळं लिहा. तक्रार त्याच दिवशी द्या, पोच घ्या, पंचनाम्याची नक्कल मागा. कलम ११ चे अर्ज एकेकट्याने नको, गावाने मिळून करा.

जनावर मारायला हात लावला तर ते सरकारचं, आणि पीक खाल्लं तर ते देवाचं? हे चालणार नाही. जनावर सरकारचं असेल, तर त्याने खाल्लेल्या पिकाचं बिलही सरकारचं. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या.