मुलाखत आई-वडिलांची

(पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



‘कॉन्व्हेंट शाळा आणि आपली मुले’ हा विषय मला दिला, तेव्हा संयोजकांना मिशनऱ्यांवरील टीका अपेक्षित असावी. ती थोडी करीनही. पण आधी एक कबुली देतो. माझी मुलगी अशाच एका शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि तिला तेथे कोणी ओढून नेले नव्हते. प्रवेशअर्जासाठी पहाटे पाचपासून रांगेत मीच उभा होतो. मुलाखतीत मुलीपेक्षा प्रश्न आम्हालाच अधिक विचारले गेले. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ यावर आम्ही दोघांनी एका सुरात सांगितले, ‘इंग्रजी!’ जन्मभर मराठीत बातम्या लिहून पोट भरणारा मी. पत्नीकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

ही ओढ आजची नाही. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी न्यायालयात जाऊन त्या अल्पवयीन मुलाला परत मिळवले. खरी परीक्षा मात्र पुढेच होती. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला जातीत घ्यायचे नाही, असा हट्ट आपल्याच सनातनी मंडळींनी धरला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले, प्रायश्चित्त देववून त्याला स्वधर्मात घेतले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. मिशनऱ्यांनी काय केले हे आपण आवेशाने सांगतो. त्या पोराच्या तोंडावर दार कोण लावत होते, हे सांगत नाही.

चिपळूणकर-टिळकांनी इंग्रजीला शिव्या दिल्या नाहीत. २ जानेवारी १८८० रोजी त्यांनी पुण्यात स्वतःची शाळा काढली आणि तिचे नावच ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ठेवले!

आता माझ्या मुलीच्या शाळेविषयी. शिस्त, वक्तशीरपणा, वळणदार अक्षर हे तिला तेथे मिळाले. गणितात कच्च्या मुलींना एक वयस्कर सिस्टर शाळा सुटल्यावर तासभर थांबून शिकवीत, एक पैसा न घेता. हे न सांगणे कृतघ्नपणा ठरेल. पण त्याच शाळेत मधल्या सुटीत मराठी बोलले की दंड होई. नागपंचमीला आजीने मेंदी लावून दिली, तर दुसऱ्या दिवशी डायरीत शेरा आला. मुलीने रात्री लिंबाने घासघासून हात लाल केले. आणि मी काय केले? शेऱ्याखाली निमूटपणे सही केली. शाळेत जाऊन चार शब्द विचारायला कायद्याची आडकाठी नव्हती. दाखला हाती देतील, ही भीती होती.

घरी पाहुणे आले की आम्ही तिला आधी इंग्रजी कविता म्हणायला लावीत असू, मग रामरक्षा. दोन्हींना टाळ्या मिळत. दोन्हींचा अर्थ तिला कोणी विचारला नाही. शाळेने इंग्रज करावे आणि संध्याकाळी दिवेलागणीला मूल आपोआप मराठी व्हावे, अशी ती आमची अपेक्षा! त्या अपेक्षेचे ओझे सात वर्षांच्या खांद्यावर होते, हे आम्हाला दिसले नाही.

माझे वडील कोकणातून तिला पत्रे लिहीत. मराठीचा छापील धडा ती वाचू शके, आजोबांचे अक्षर तिला लागत नसे. एकदा ते सुटीत आले असता म्हणाले, ‘मला आता एकोणऐंशी पूर्ण झाली.’ तिने माझ्याकडे पाहून विचारले, ‘बाबा, म्हणजे सेव्हंटी नाइन ना?’ वडील हसले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या सुटीपासून रोज रात्री अर्धा तास मी तिच्यासोबत मराठी वाचू लागलो. ती तेव्हा सातवीत होती, म्हणजे उशीरच झाला होता. बातमीच्या धावपळीत त्यातलेही निम्मे दिवस बुडाले.

वडील आता नाहीत. पत्रांचे पुडके मुलीने आपल्या घरी नेले आहे. परवा तिने एका पत्राचे छायाचित्र पाठवले; एक शब्द अडला होता. ‘क्षेम’ असे लिहिले आहे, म्हणून मी कळवले. अर्थ काय, असे तिने लगेच विचारले.